उलट्या तारा

मी एक जुनी करंटची पेटी आहे, मित्रांनो. तुम्ही मला पाहिले असण्याची शक्यता कमीच. पैठणहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना रस्त्याला लागून बोरमाळ नावाची वस्ती आहे. वस्तीच्या टोकाला, बाभळींच्या आड, विटांची एक लहान खोली आहे. तिचे दार बिजागरीतून निखळले आहे आणि आत कोंबड्या अंडी घालतात. त्या खोलीच्या भिंतीवर मी टांगलेली आहे. माझ्या पत्र्याला गंज चढला आहे, काचेला तडा गेला आहे, आणि माझ्या पोटात आता गांधीलमाश्यांनी घर केले आहे.

गंज थांबवण्यासाठी माझा जन्म झाला आणि मलाच गंज चढला, याचे मला वाईट वाटत नाही. वय झाले की हे व्हायचेच. मला डाचते ते वेगळेच. ज्यांच्यावर मी विश्वास टाकला त्या माणसांनी मला फसवले, आणि माझी राखण करणाऱ्या बाईलाही फसवले. आज ते सगळे तुम्हाला सांगून टाकते.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मला तयार केले. तांब्याच्या तारेचे वेढे, जाड लोखंडी गाभा, पुढे एक काच आणि काचेमागे थरथरणारा काटा. पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा मी गुंगुं असा आवाज केला आणि कारखान्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला वाटले होते की मला एखाद्या मोठ्या गिरणीत पाठवतील. पण एका जीपमध्ये घालून मला आणले ते या माळावर.

जीपमध्ये माझ्या शेजारी एक तरुण इंजिनिअर बाई बसल्या होत्या. त्यांचे नाव अंबिका. सगळे त्यांना मॅडम म्हणत. खड्डा आला की त्या माझ्यावर हात ठेवत, मी आपटू नये म्हणून. तेव्हापासून मी त्यांना आपले मानले.

माझे काम काय, ते आधी सांगते. धरणापासून शहरापर्यंत पोलादाची एक मोठी पाइपलाइन जमिनीखालून गेली आहे. सगळे तिला नुसते 'लाइन' म्हणतात. लाखो माणसे तिच्या पाण्यावर जगतात. लाइनच्या अंगावर डांबराचा लेप असतो, पण कुठे दगड घासतो, कुठे लेपाला चीर पडते. तेवढ्या जागेत ओली माती लोखंडाला भिडते आणि लोखंड झिजू लागते. फार बारीक वीज लोखंडातून मातीत उतरते आणि जाताना लोखंड सोबत घेऊन जाते. बाहेरून काही दिसत नाही. आणि मग एक दिवस भोक पडते.

हे होऊ नये म्हणून मी होते. लाइनपासून दूर एका खोल खड्ड्यात काळ्या कांड्या पुरलेल्या होत्या. माझी एक तार त्या कांड्यांना जोडलेली, दुसरी लाइनला. खांबावरची वीज घेऊन मी ती कांड्यांवाटे मातीत सोडायची. ती मातीतून लाइनकडे जायची आणि तारेने माझ्याकडे परत यायची. मग झिजायच्या त्या कांड्या, आणि लाइन शाबूत राहायची. काम लहान होते, पण दिवसरात्र चालायचे.

ज्या जमिनीवर ही खोली उभी राहिली ती मालनबाईची. मालनबाई आणि तिचा नवरा सर्जेराव, दोघे मिळून हा माळाचा तुकडा कसत. वस्तीची विहीर लांब आणि शिमग्यालाच तळ दाखवणारी. मॅडम जागा मागायला आल्या तेव्हा मी जीपमध्येच होते, सगळे ऐकत होते.

"एक कोपरा हवाय, मालनबाई. एवढीशी खोली, आणि पलीकडं एक खड्डा. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावं लागेल."

"खड्ड्यात पानी कशापायी, मॅडम?"

"माती ओली असली तरच वीज तिच्यातून जाते. कोरड्या मातीत ती अडते."

"म्हंजी मातीला बी तहान लागती म्हना." मालनबाई हसली. मग तिने जमिनीखालून जाणाऱ्या लाइनच्या दिशेने बोट केले. "अन् आमची तहान? एवढं मोठं पानी आमच्या पायाखालून जायचं, अन् आमी कोसभर हंडे वाहायचे का?"

मॅडमनी तिच्या बोटाच्या दिशेने पाहिले. मग म्हणाल्या, "लाइन सुरू झाली की पहिला नळ तुमच्या वस्तीला. माझा शब्द आहे."

मालनबाईने सर्जेरावाकडे पाहिले. सर्जेराव म्हणाला, "बाई शब्द देतीया. देऊ कोपरा." आणि त्याच संध्याकाळी त्याने स्वतः कुदळ घेऊन पायाची रेघ आखली.

मॅडमनी माझ्या काचेवर लाल नेलपॉलिशने दोन बारीक रेघा ओढल्या. "मालनबाई, काटा या दोन रेघांच्या मधे असला की पेटी ठीक चालली आहे असं समजा. खाली उतरला की खड्ड्यात पाणी घाला, आणि मला कळवा." मग त्या रस्त्याकडेच्या एका बुटक्या सिमेंटच्या खांबाकडे वळल्या. "पण एक लक्षात ठेवा. काटा फक्त पेटीचं काम दाखवतो. लाइन सुखरूप आहे की नाही, ते या खांबावर मोजल्याशिवाय कळत नाही. ते मी दर महिन्याला येऊन मोजत जाईन."

आणि त्या खरोखर येत. खांबाचे झाकण उघडून, मातीत एक नळकांडे टेकवून, हातातल्या मीटरमध्ये बघत. आकडा मनासारखा आला की माझ्या पत्र्यावर टिचकी मारून म्हणत, "शाब्बास." मित्रांनो, त्या एका शब्दावर मी महिना काढत असे.

मालनबाईबरोबरचे माझे दिवस सुखाचे गेले. सकाळी शेण भरायला बाहेर पडली की ती आधी माझ्या काचेवरची धूळ पदराने पुसायची आणि काटा बघायची. उन्हाळा लागला की खड्ड्यात पाणी घालायची. चौदा एप्रिलच्या आधी ती आपल्या घराला चुना द्यायची, तेव्हा माझ्या खोलीलाही द्यायची, आणि दारावर एक निळी पताका लावायची. एकदा मोठे साहेब पाहणीला आले. लाइनला इतक्या वर्षांत एकही भोक नाही म्हणून त्यांनी मॅडमना शाल दिली. माझ्या गळ्यातही झेंडूचा हार पडला. मालनबाईने सगळ्यांना चहा केला. चहासाठी पाणी तिने विहिरीवरून आणले होते.

साहेबांची गाडी गेल्यावर तिने विचारले, "मॅडम, नळाचं काय झालं?"

"वर पाठवलंय, मालनबाई. होईल."

पुढे दर भेटीला हा प्रश्न आणि दर भेटीला हे उत्तर. हळूहळू प्रश्न विचारताना मालनबाई हसेनाशी झाली आणि उत्तर देताना मॅडम तिच्याकडे बघेनाशा झाल्या. मग मॅडमना बढती मिळाली आणि त्यांची बदली झाली. जाताना माझ्या पत्र्यावर त्यांनी हात फिरवला. मालनबाईला म्हणाल्या, "नळाचं बघते मी तिकडून. पाणी घालत राहा." मालनबाईने मान डोलावली.

त्यानंतर खांबावर मोजायला कोणी आले नाही.

याच काळात शहर फुगत गेले. जिथे ज्वारी उभी असायची तिथे कॉलन्या उभ्या राहिल्या. मालनबाईची मुलगी मोनाली लग्न होऊन अशाच एका नव्या कॉलनीत गेली. तिथे लाइनचेच पाणी यायचे, चार-पाच दिवसांनी एकदा. मोनाली माहेरी आली की सांगायची, "आई, नळ आला की सगळी कॉलनी जागी होती. बादल्या, पिंप, पातेली, काय मिळंल ते भरायचं." मालनबाई ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी माझी काच जरा जास्तच घासून पुसायची. तिला वस्तीचा नळ मिळाला नव्हता, पण तिच्या पोरीच्या घागरीत पडणारे पाणी माझ्या राखणीतून जात होते.

रस्ता रुंद करायला बुलडोझर आले आणि त्यांनी तो सिमेंटचा खांब मुळासकट उखडून टाकला. कुणाला काही वाटले नाही. लोकांच्या लेखी तो एक निरुपयोगी दगड होता.

मग दोन हजार बाराचा दुष्काळ आला. वस्तीची विहीर तर आटलीच, वस्तीला येणाऱ्या टँकरचाही नेम राहिला नाही. खड्ड्यातली माती भेगाळली. माझा काटा खालच्या रेघेखाली उतरला. मी गुंगुं करत होते, पण कोरड्या मातीतून वीज पुढे सरकत नव्हती. ऑफिसात मालनबाईने दोनदा निरोप पाठवला, उत्तर आले नाही. तेव्हा ती आपल्या वाट्याच्या पाण्यातून खड्ड्यात घालू लागली. पिण्याचे नाही, आंघोळीचे, भांडी विसळलेले, डाळ-तांदूळ धुतलेले. घमेल्यात साठवायची आणि दिवस मावळताना आणून ओतायची.

एकदा शेजारच्या साळूबाईने तिला अडवले. साळूबाईच्या काखेत रिकामा हंडा होता.

"मालने, येडी झालीस का? हितं जनावरं मराया लागली, अन् तू मातीला पानी पाजतीस?"

"सांडपानी हाय, साळूबाई."

"सांडपानी बी म्हशीनं पेलं आसतं. कुनासाठी करतीस? शेहरासाठी? त्यांनी काय दिलं तुला? नळ दिला?"

"शब्द दिलाय."

"शब्द!" साळूबाईने हंडा दाणकन खाली ठेवला. "शब्दानं हंडा भरतुया व्हय?"

मालनबाईने घमेले खड्ड्याच्या काठावर टेकवले. मग एवढेच म्हणाली, "माझी पोर हाय त्या लाइनीच्या टोकाला. ही लाइन फुटली तं तिच्या घरात काय पडंल?" आणि तिने घमेले रिकामे केले. माझा काटा जरासा वर सरकला. मित्रांनो, मी पुष्कळ वीज पाहिली, पण त्या घमेलेभर गढूळ पाण्याने मला जे बळ दिले ते कोणी दिले नाही.

तेराच्या पावसाळ्यानंतर ऑफिसला अखेर जाग आली. दर उन्हाळ्याला पाण्याची कटकट नको म्हणून नाल्याच्या ओलीत नव्या कांड्या पुरायच्या असे ठरले. काम एका ठेकेदाराला दिले. त्याचा बद्रीनाथ नावाचा सुपरवायझर चार माणसे घेऊन आला. त्यांनी नाल्यात खड्डा खणला, नव्या कांड्या पुरल्या, जुन्या कुजलेल्या तारा तोडून नव्या आणल्या. मी आनंदाने वाट बघत होते.

दुपारी बद्रीनाथने माझे झाकण उघडले. दोन्ही नव्या तारा एकाच रंगाच्या होत्या. कोणती नाल्यातून आली आणि कोणती लाइनकडून, हे बघायला कोणी मागे चालत गेले नाही. त्याने एक तार इकडे जोडली, एक तिकडे, आणि बटण दाबले.

काटा झपकन वर गेला आणि दोन लाल रेघांच्या बरोबर मधे थांबला.

"बघा, एकदम ओके," बद्रीनाथ म्हणाला.

त्याच्या माणसाने विचारले, "भाऊ, लाइनवर मोजून बघायचं ना?"

"मोजायला खांब कुठंय? काटा बघ की. मस्त खडा है. चल, ऊन लई झालं."

मला मात्र त्या क्षणी कळले होते. तारा उलट्या होत्या. जी तार कांड्यांना जायला हवी ती लाइनला गेली होती, आणि लाइनची कांड्यांना. आता वीज लाइनमधून बाहेर मातीत उतरत होती. झिजायच्या कांड्या सुखात होत्या आणि जिला वाचवायचे ती लाइन झिजत होती. जिथे लेपाला चीर होती, तिथून मीच तिचे लोखंड काढून नेत होते. मित्रांनो, नुसती बंद पडले असते तरी बरे होते. बंद पेटी लाइनला वाचवत नाही, पण इतक्या वेगाने खातही नाही. राखणदाराच्याच हाती सुरी देऊन त्याचा हात धरून ती चालवावी, तसे माझे झाले. आणि माझा काटा सगळ्यांना सांगत होता की सारे ठीक आहे.

बाहेर बद्रीनाथ मालनबाईला म्हणत होता, "मावशी, आता पाणीबिणी घालायचं नाही. नाल्यात ओल आहे. तुमची सुट्टी."

"अन् काटा कुनी बघायचा?"

"बघायची गरज नाही. नवीन काम आहे, दहा वर्षं काय होत नाही."

त्याने माझ्या खोलीला नवे कुलूप लावले आणि किल्ली घेऊन गेला. मालनबाईला कोणी धन्यवादही म्हटले नाही. ती दारापाशी उभी राहिली, मग घरी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये तिने खोलीला बाहेरूनच चुना दिला.

दोन पावसाळे मी तशी चालले. माझ्या गुंगुंचा अर्थ कळणारे कोणी नव्हते.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात धरणाने तळ गाठला होता. शहरात पाणी आठवड्याने येत होते. अशा दिवसांत एका सकाळी, उन्हे नुकतीच चढत असताना, माझ्यापासून थोड्याच अंतरावर जमीन फुगली आणि फाटली. पाण्याचा खांब बाभळींच्याही वर गेला. आधी वस्तीत आरडाओरडा झाला. मग कोणीतरी ओरडले, "पानी हाय, पानी!" आणि माणसे हंडे, पातेली, पत्र्याचे डबे, पोरांची दप्तरे ओतून रिकाम्या केलेल्या पिशव्या, जे हाताला लागेल ते घेऊन धावली. पोरे चिखलात लोळली. म्हशी सोडल्या. साळूबाईने तोंड वर करून अंगावर पाणी घेतले. मालनबाईनेही दोन हंडे भरले. तिसरा हंडा धरला आणि ती थबकली. शहराच्या दिशेने तिने पाहिले, आणि भरलेला हंडा तसाच चिखलात टेकवून ती त्यावर हात ठेवून बसली.

एवढ्या वर्षांत वस्तीला लाइनचे पाणी मिळाले ते असे.

दुरुस्तीला गेले तेव्हा कळले, भोक एक नव्हते. लांबपर्यंत पत्रा चाळणीसारखा झाला होता. एक सांधावे तर दुसरे फुटे. शहरात हाहाकार झाला. आणि मग कोणाच्या तरी माथ्यावर दोष ठेवायची वेळ आली.

ऑफिसचे एक साहेब आले. माझी खोली उघडली. काटा दोन रेघांच्या मधे बघून ते म्हणाले, "पेटी तर चालू आहे." बद्रीनाथही आला होता. त्याने जुना कोरडा खड्डा दाखवला. "साहेब, उन्हाळ्यात इथं पाणी घालायचं काम ह्या मावशीकडं होतं. बघा, कोरडा ठाक."

मालनबाई पुढे आली. "मलाच नाय म्हनलं तुमी. ह्याच दारात उभं राहून म्हनलं."

"मी कशाला म्हणेन, मावशी?" बद्रीनाथ म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

साहेबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या शहरात बातमी झाली की वस्तीवरच्या एका बाईने कामात हयगय केली म्हणून लाइन गेली. मी भिंतीवर होते. मी सगळे ऐकले होते. पण पेटीची साक्ष कोण काढणार?

त्या संध्याकाळी मालनबाई माझ्या खोलीच्या पायरीवर बसून मोनालीशी फोनवर बोलत होती. फोनचा आवाज मोठा होता.

"आई, इथं बायका टँकरपाशी लई शिव्या देतायत. त्या वस्तीवरच्या बाईला."

"तुला काय वाटतं, मोना?"

फोनमधून दार लोटल्याचा आवाज आला. मग मोनाली म्हणाली, "ती बाई माझी आई हाय, हे मी कुनाला सांगितलं नाय."

मालनबाईने फोन बंद केला. ती रडली नाही. फक्त पायरीवरचा चुना नखाने खरवडत बसली.

चौकशीसाठी वरून एक मोठ्या अधिकारी बाई पाठवल्या गेल्या. त्यांचे केस पांढरे झाले होते, तरी पावलांवरून मी ओळखले. अंबिका मॅडम. माझ्या मनात आले, आता सगळे ठीक होईल. साहेब, बद्रीनाथ, वस्तीतली माणसे आणि दोन पत्रकार जमले होते. मॅडम आधी माझ्याकडे आल्या नाहीत. त्या दुरुस्तीसाठी खणलेल्या चारीत उतरल्या, उघड्या पडलेल्या लाइनपाशी त्यांनी ते जुने नळकांडे मातीत टेकवले आणि मीटरमध्ये पाहिले. पुन्हा पाहिले. मग उठून, जमिनीतून येणारी तार हाताने चाचपत, पावलापावलाने माझ्यापर्यंत आल्या. माझे झाकण उघडले. 

"तारा उलट्या आहेत," त्या म्हणाल्या. "अडीच वर्षं ही पेटी लाइनला खात होती."

साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, एवढ्या लोकांसमोर नको. आपण ऑफिसात बोलू."

"इथंच बोलायचं आहे. ज्या बाईवर इथं आरोप ठेवला ती इथंच उभी आहे." मग त्या पत्रकारांकडे वळल्या. "पाणी घालण्याचा आणि लाइन फुटण्याचा काही संबंध नाही. तारा चुकीच्या जोडल्या, आणि नंतर कोणी मोजलं नाही. मालनबाईंचा यात काडीचाही दोष नाही."

वस्तीत कुजबुज झाली. साळूबाई मोठ्याने म्हणाली, "लिव्हा, लिव्हा ते!" मला वाटले, मी जिंकले. मॅडमनी बटण बंद केले आणि अडीच वर्षांनी माझ्या अंगातली ती उलटी वीज थांबली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. माणसे पांगल्यावर मालनबाई आणि मॅडम खोलीत दोघीच राहिल्या.

"ताई," मालनबाई म्हणाली, "तुमी माझं नाव धुतलं. लई उपकार. आता एक इचारते, खरं सांगा. नळाचं वर पाठवलं व्हतं का?"

"पाठवलं होतं."

"मग काय म्हनले?"

मॅडम माझ्या बंद काट्याकडे बघत राहिल्या. "नाही म्हणाले. मोठ्या लाइनला मधे कुठं नळ देता येत नाही, म्हणाले."

"कवा?"

"पहिल्याच वर्षी."

 मालनबाईचा आवाज खाली आला. "पहिल्याच वर्षी. अन् मी एवढी वर्सं इचारत ऱ्हायले, अन् तुमी 'होईल, होईल' म्हनत ऱ्हायल्या. मला का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाणी घातलं असतं?"

मित्रांनो, हे ऐकले तेव्हा माझ्या आतली तांब्याची तार सैल झाल्यासारखे मला वाटले. बद्रीनाथ मला परका होता. त्याने आळस केला, खोटे बोलला, मी त्याला विसरेन. पण मॅडम माझ्या होत्या. माझी सगळी चांगली वर्षे, ते चुन्याचे दार, ती पुसलेली काच, ते दुष्काळातले घमेले, हे सारे एका खोट्या शब्दावर उभे होते. मला जगवण्यासाठी त्यांनी मालनबाईला फसवले होते. मला कोणी विचारले असते तर मी म्हटले असते, असे जगणे मला नको.

मालनबाई म्हणाली, "घातलं असतं. माझी पोर हाय तिकडं. तुमी इचारून तं बघायचं व्हतं."

मॅडमनी डोळ्यांना पदर लावला. मालनबाई घरात गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिले. मॅडम ते उभ्यानेच प्यायल्या. जीपपर्यंत मालनबाई त्यांना सोडायलाही गेली. पण आपल्याकडे कोणी निघाले की 'या परत' म्हणतात ना, ते ती म्हणाली नाही.

पुढचे थोडक्यात सांगते. लाइनचा तो भाग बदलला. नवी पेटी बसवायला ऑफिसची माणसे आली तेव्हा मालनबाई दारात उभी राहिली. "आधी नळ, मग पेटी." माणसे परत गेली. आम्हा दोघींना आशा वाटली. पण पंधरवड्यात त्यांनी पलीकडे, कोणाच्या तरी पडीक जमिनीत नवी खोली बांधली. नळ देण्यापेक्षा खोली हलवणे त्यांना सोपे वाटले. मला काढून न्यायचेही कोणाला सुचले नाही. बद्रीनाथ दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर गेला. मोनाली मात्र आली. वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन आली आणि आईच्या पायाशी बसून खूप रडली. मालनबाईने तिच्या केसांना तेल लावले आणि म्हणाली, "कापून आणलास, बरं केलंस. पन पेपरात यायच्या आधीच तू म्हनायचं व्हतंस."

आता मालनबाई म्हातारी झाली आहे. सर्जेराव गेला. ती कोंबड्यांना दाणे टाकायला येते तेव्हा सवयीने माझ्याकडे बघते, आणि मग आठवल्यासारखे करून नजर वळवते. वस्तीला अजून टँकरच येतो. शहरासाठी आता आणखी मोठी लाइन टाकत आहेत. एक माणूस उभा मावेल एवढे तिचे पाइप रस्त्याकडेला ओळीने पडले आहेत, आणि वस्तीची पोरे त्यांतून आरपार पळतात.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस संपले. पण तुमच्या घरचा नळ सोडाल तेव्हा एकदा घरच्या मोठ्यांना विचारा, हे पाणी कोणत्या गावांच्या जमिनीखालून येते. त्या गावांची नावे पाठ करा. आणि त्या गावांना प्यायला पाणी मिळते का, हेही विचारा. मोठी माणसे 'होईल' म्हणाली, तर गप्प बसू नका. कधी होईल ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.